घरच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग: आधी मशीन सरळ करा, मग सॉफ्टवेअर निवडा

घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? माझ्या मते हा प्रश्न चौथा किंवा पाचवा असायला हवा. रेकॉर्डिंगमध्ये मधूनच टकटक येते, गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, मागे सतत घूंऽ असा आवाज राहतो. यातलं काहीही सॉफ्टवेअर बदलून जात नाही. ही दुखणी ड्रायव्हरची (संगणक आणि उपकरण यांना जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची), विजेची आणि खोलीची. एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर उड्या मारणारे बरेच जण खरं तर तोच ड्रायव्हर आणि तीच खोली सोबत घेऊन फिरत असतात.

म्हणून इथे सॉफ्टवेअर मुद्दाम मागे ठेवलं आहे. डोळ्यांसमोर विंडोजचा लॅपटॉप आहे, कारण बहुतेकांच्या घरी तोच असतो. उदाहरण म्हणून एक अभंग धरू: गायिका, पेटी आणि तबला. एकट्याने अभिवाचन किंवा पॉडकास्ट करणाऱ्यांची वाट जिथे वेगळी होते, तिथे तसं सांगतो.

एका वेळी किती माइक?

सगळी खरेदी या एका आकड्यावर ठरते. एकटाच वाचणारा असेल तर एक माइक पुरतो, आणि सरळ यूएसबीला लागणारा चांगला माइकही चालतो. अभंगाला मात्र किमान तीन माइक लागतात: गळा, पेटी, तबला. तबल्याच्या दायां-बायांना वेगळे माइक हवे असतील तर चार. म्हणजे चार माइक इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारं खोकं, घ्यावा लागतो. दोन इनपुटचा स्वस्त पडतो म्हणून तो घेतला, तर पेटी आणि तबला एकाच माइकवर येतात आणि नंतर पेटी जास्त वाटली तरी ती एकटी कमी करता येत नाही.

इथे एक पळवाट सगळ्यांना सुचते: दोन-तीन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपला लावू. असं करू नका. प्रत्येक यूएसबी माइकचं स्वतःचं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. सुरुवातीला सगळं जुळलेलं वाटतं, पण गाणं लांबत जातं तसा तबला गळ्यापासून सरकत जातो. शिवाय विंडोजवर एएसआयओ (आवाज कमी उशिराने नेणारी ड्रायव्हरची पद्धत, पुढे येईलच) वापरताना सॉफ्टवेअर एका वेळी एकच ड्रायव्हर उघडतं. मॅकवर अनेक उपकरणं एकत्र जोडून घड्याळातला फरक सावरण्याची सोय आहे, तरीही एकच इंटरफेस केव्हाही बरा.

माइक निवडताना खोलीकडे प्रामाणिकपणे बघा. रस्त्याकडेची खिडकी, शेजारच्यांचा कुकर, वरच्या मजल्यावरची फरशी असा मामला असेल तर कंडेन्सर माइक हे सगळं इमानदारीने टिपतो. तिथे डायनॅमिक माइक तोंडाजवळ घेऊन वापरा. कंडेन्सर घेतलाच तर त्याला इंटरफेसवरून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो. वायर जोडून झाल्यावर आणि हेडफोनचा आवाज खाली करून मगच ते बटण दाबा.

लॅपटॉप किती ताकदीचा हवा?

लोक समजतात त्यापेक्षा खूप कमी. नुसता आवाज रेकॉर्ड करणं हे आजच्या प्रोसेसरला जड काम नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असली की चार माइकचं काम आरामात होतं. व्हायोलिनचा ताफा, पियानो अशी आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांवर चालणारी वाद्यं वापरणार असाल तर १६ जीबीकडे जा. जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. वेग मिळतोच, वर डिस्कची घरघरही जाते.

जागेचा हिशोब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार मोजण्या, प्रत्येक मोजणी म्हणजे एक सॅम्पल) आणि २४ बिटला (प्रत्येक मोजणीची बारकाई) एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका माइकचा आवाज, मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. चार ट्रॅक तासभर चालले तर दोन जीबीच्या थोडं वर. बाहेरची डिस्क वापरणार असाल तर ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि लांब मैफलीची एकच फाइल असेल तर नेमकी तिथे अडते.

ड्रायव्हर, बफर आणि उशीर

विंडोजची नेहमीची ध्वनिव्यवस्था यूट्यूब आणि मीटिंगसाठी ठीक आहे, पण तिच्यातून आवाज आत येऊन परत हेडफोनपर्यंत जायला वेळ लागतो. ही अडचण ओळखून श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली एएसआयओ आणलं. त्यात सॉफ्टवेअर मधले थर टाळून थेट इंटरफेसशी बोलतं. म्हणून इंटरफेस घेताना एक गोष्ट दुकानात जाण्याआधीच तपासा: कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का? काही स्वस्त इंटरफेस कंपन्या त्याऐवजी 'एएसआयओ फॉर ऑल' उतरवून घ्यायला सांगतात. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. दुसरा काहीच पर्याय नसेल तेव्हा उपयोगी, पण त्यासाठी नवीन पैसे घालू नका.

ड्रायव्हर आधी बसवा, लॅपटॉप रिस्टार्ट करा, मग इंटरफेस जोडा. थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा. माउस, पेनड्राइव्ह आणि इंटरफेस एकाच स्वस्त हबवर लटकवू नका.

आता बफर. संगणक आवाज थेंबाथेंबाने न घेता छोट्या-छोट्या गठ्ठ्यांत घेतो, त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. जाऊन-येऊन हे दुप्पट होतं, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. आवाज हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. म्हणजे एकूण उशीर १० मिलिसेकंद असेल तर तो साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराला ऐकण्याइतकाच. मंडळी बैठकीत एवढ्या अंतरावरून सहज साथ करतात. तीसच्या पुढे गेलं की तबलजी कुरकुरतो, आणि गायिकेला आपण लयीत मागे पडतोय असं वाटून ती उगाच पुढे ओढू लागते.

लहान बफर ठेवला की संगणकाला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही आणि टकटक सुरू होते. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी १२८ किंवा २५६, आणि नंतर मिक्सिंग करताना ५१२ किंवा १०२४, असा रिवाज ठेवा.

ही कसरत पूर्ण टाळायचीही सोय आहे. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण किंवा नॉब असतो. तो चालू केला की गाणाऱ्याचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला मिळतो, उशीर जवळजवळ शून्य. मात्र तेव्हा सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. ब्लूटूथ हेडफोन मात्र कुठल्याही परिस्थितीत नकोत. त्यांचा उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

विंडोजची साफसफाई

पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' दिसत असेल तर ते बंद करा. हे चालू असताना विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतं. पर्याय मिळत असेल तर 'हाय परफॉर्मन्स' प्लॅन घ्या. अनेक नव्या लॅपटॉपवर फक्त 'बॅलन्स्ड'च दिसतो, तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर मोडमध्ये सर्वांत वेगवान पर्याय निवडा. सिस्टिमचे टिंग-टाँग आवाज 'नो साउंड्स'वर टाका. अपडेट आठवडाभर पॉझ करा. रेकॉर्डिंगचा फोल्डर 'डॉक्युमेंट्स'मध्ये न ठेवता सी किंवा डी ड्राइव्हच्या मुळाशी वेगळा करा, कारण डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडलेलं असतं आणि इकडे गाणं चालू असताना तिकडे फाइली ढगात चढायला लागतात.

यूएसबी माइक किंवा लॅपटॉपचाच माइक वापरणाऱ्यांनी आणखी एक तपासायचं: साउंड सेटिंगमधलं 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' आणि लॅपटॉप कंपनीचं नॉइज सप्रेशन. ही यंत्रणा बोलण्यासाठी बनवलेली असते. जो आवाज सलग आणि एकसारखा, तो तिला गोंगाट वाटतो. त्यामुळे तानपुरा ती पुसून टाकते आणि लांबवलेला षड्जही मधेच दाबते. पूर्ण बंद करा.

आता मशीनची खरी परीक्षा. 'लेटन्सीमॉन' नावाचं साधन घरगुती वापरासाठी मोफत मिळतं. ते दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. पट्ट्या हिरव्या राहिल्या तर मशीन तयार. लाल झाल्या तर 'ड्रायव्हर्स'च्या यादीत कोण वेळ खातंय ते दिसतं. एनडीआयएस हे नाव वर असेल तर संशय नेटवर्कवर, म्हणजे बहुधा वायफायवर. एसीपीआय असेल तर बॅटरी आणि वीज-व्यवस्थापनावर. एनव्ही ने सुरू होणारं लांबलचक नाव असेल तर ग्राफिक्स कार्डवर. वायफाय बंद करून पुन्हा मोजा. पुष्कळ लॅपटॉपांचं दुखणं एवढ्यावरच थांबतं, आणि तसंही रेकॉर्डिंग चालू असताना व्हॉट्सॲप कुणाला हवंय.

वीज, घरघर आणि पंखा

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. हेडफोनमध्ये खालच्या पट्टीत एकसारखी घूं येत असेल तर पहिली चाचणी फुकट आहे: लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं थांबली तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. दोन पिनच्या चार्जरला अर्थिंग नसतंच. तीन पिनचा असेल तर भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. अर्थची पिन तोडून घूं घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो जिवावरचा उद्योग आहे.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग चालू ठेवणार असाल तर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची भुणभुण पंख्यात जशी ऐकू येते तशी ती माइकच्या वाटेतही शिरते. अशा वेळी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. इंटरफेस यूएसबीवरच चालणारा असेल तर भिंतीशी संबंधच उरत नाही.

लॅपटॉपचा पंखा हा वेगळा शत्रू. मशीन माइकपासून दीड-दोन मीटर लांब आणि माइकच्या पाठीमागे ठेवा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा माइक मागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो. ज्या टेबलावर लॅपटॉप, त्याच टेबलावर माइकचा स्टँड नको. छताचा पंखा अर्थातच बंद. मे महिन्यात हे सोपं नाही, म्हणून पुष्कळ जण पहाटे रेकॉर्ड करतात. भिंतीवर एक जाड गोधडी, गाणाऱ्याच्या मागे उघडं कपाट आणि खाली सतरंजी, एवढ्याने खोलीचा घुमारा बराच बसतो.

आता सॉफ्टवेअर

एकट्याने वाचणाऱ्यांना ऑडॅसिटी पुरेसं आहे. मोफत, मुक्त स्रोत, २००० सालापासून लोकांच्या हातात. त्यात 'पंच अँड रोल' नावाची सोय आहे आणि अभिवाचनात तिच्याइतकं काहीच वेळ वाचवत नाही. वाचताना 'ज्ञानोबा' ऐवजी भलतंच काही तोंडातून गेलं, तर थांबा, चुकलेल्या वाक्याच्या आधी कर्सर ठेवा, शिफ्ट आणि डी दाबा. आधीची पाच सेकंदं हेडफोनमध्ये वाजतात, तुम्ही त्याच सुरात आणि त्याच वेगात पुढचं वाक्य उचलता, आणि जुनी चूक आपोआप पुसली जाते. रोज तासभर वाचणाऱ्याचं एडिटिंग निम्म्यावर येऊ शकतं. ऑडॅसिटीच्या तयार आवृत्तीत एएसआयओ नाही. ऑडिओ होस्टमध्ये 'वासापी' (WASAPI, विंडोजचीच आवाजाची वाट) निवडा आणि स्वतःचा आवाज डायरेक्ट मॉनिटरवर ऐका. मीटर हलतच नसेल तर विंडोजच्या प्रायव्हसीमध्ये डेस्कटॉप ॲप्सना माइकची परवानगी आहे का ते बघा.

अभंगासारख्या अनेक ट्रॅकच्या कामाला माझी शिफारस रीपर. ते बनवणारा जस्टिन फ्रँकेल म्हणजे विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा कर्ता. हलकं आणि जुन्या मशीनवरही पळणारं सॉफ्टवेअर लिहायची त्याची जुनीच सवय इथेही दिसते. साठ दिवस पूर्ण सोयींसह वापरून बघता येतं, त्यानंतर घरगुती आणि छोट्या व्यवसायाचा परवाना ६० डॉलरचा. खोट काढायची तर एकच: उघडल्यावर ते रुक्ष दिसतं आणि वाद्यांचा खजिना सोबत येत नाही. आपल्याला पेटी-तबला खरा वाजवायचा आहे, तेव्हा त्याची उणीव भासत नाही.

मॅक असेल तर गॅरेजबँड आधीपासून मोफत आहे आणि तिथे एएसआयओची भानगडच नाही, ॲपलची कोअर ऑडिओ यंत्रणा ते काम करते. पुढे गरज पडली तर तोच प्रकल्प ॲपलच्याच लॉजिक या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. लिनक्सवाल्यांना 'आर्डर' (Ardour) नावाचं सॉफ्टवेअर. तुमचं काम शेवटी मुंबईच्या एखाद्या व्यावसायिक स्टुडिओत मिक्सला जाणार असेल तर तिथे प्रो टूल्स भेटेल, पण त्यासाठी तुम्ही ते विकत घेण्याची गरज नाही. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइली म्हणून दिले की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसतात. एफएल स्टुडिओ बीट बनवणाऱ्या पोरांचं लाडकं आहे, पण त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत ऑडिओ रेकॉर्डिंग नसतं, हे पैसे भरण्याआधी माहीत असू द्या. इंटरफेसच्या खोक्यातही बहुधा एखाद्या सॉफ्टवेअरच्या छोट्या आवृत्तीचा कोड असतो, तो टाकून देऊ नका.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरू नका असं मी नीतीसाठी कमी आणि मशीनसाठी जास्त सांगतो. ते बसवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि मग त्याच लॅपटॉपवर तुमचं नेटबँकिंगही असतं.

रीपरमध्ये पहिला अभंग

कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस उघडा. ऑडिओखाली 'डिव्हाइस'मध्ये जा, एएसआयओ निवडा, त्यात तुमच्या इंटरफेसचं नाव घ्या. इनपुटची पहिली आणि शेवटची संख्या १ ते ४ अशी ठेवा. बफर तिथल्याच 'एएसआयओ कॉन्फिगरेशन' बटणातून १२८ करा. मग ऑल्ट आणि एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये सॅम्पल रेट ४८००० करा आणि मीडियाच्या टॅबमध्ये वेव्ह, २४ बिट. ९६ किलोहर्ट्झच्या मोहात पडू नका; माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही, आणि ४८ मध्ये तेवढं मावतं.

काहीही रेकॉर्ड करण्याआधी प्रोजेक्ट सेव्ह करा आणि सेव्हच्या खिडकीत 'क्रिएट सबडिरेक्टरी फॉर प्रोजेक्ट'वर खूण करा, म्हणजे सगळ्या फाइली एका जागी राहतात. फाइलींची नावं रोमन अक्षरांत द्या, काही जुन्या प्लगइनांना (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या पुरवण्यांना) देवनागरी झेपत नाही.

कंट्रोल आणि टी ने चार ट्रॅक घ्या: गळा, पेटी, दायां, बायां. प्रत्येकाचा इनपुट मोनो आणि वेगळा क्रमांक. इथे चुकून स्टिरिओ निवडलं की गळा फक्त डाव्या कानात ऐकू येतो आणि लोक हेडफोन बिघडला समजून बसतात.

आता आवाजाची पातळी. 'हॅलो, वन टू थ्री' वर गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावण्यात अर्थ नाही. गायिकेला अभंगातली सर्वांत वरची जागा पूर्ण जोमात गायला सांगा. काळी चारच्या गळ्याचा तार षड्ज आणि तिचं बोलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ती तिथे असताना मीटरचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या (शून्याला आवाज फाटतो) दरम्यान राहील असा गेन इंटरफेसवर लावा. तबल्याला उणे १२ च्या आसपासच थांबा, कारण समेवरची थाप चाचणीच्या वेळी कुणीच पूर्ण ताकदीने मारत नाही. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा आहे. हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

तानपुऱ्याकडे विशेष लक्ष द्या. मोबाइलवर लावून तो गाणाऱ्याशेजारी ठेवायची पद्धत सर्रास दिसते. मग तानपुरा गळ्याच्या माइकमध्ये मिसळतो, आणि दोन टेक जोडायला कुठेही कात्री लावली की तिथे तारांचं आवर्तन तुटून धक्का बसतो. त्याऐवजी ॲपमधून तानपुऱ्याची पाच-दहा मिनिटांची फाइल काढा, रीपरमध्ये वेगळ्या ट्रॅकवर टाका आणि सगळ्यांना हेडफोनमधून द्या. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हवेत. चौघांना लागणार असतील तर छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर जोडा. पेटी आणि तानपुरा एका सुरात आहेत का हे मात्र आधी कानाने तपासा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या 'ए'ला धरून असतीलच असं नाही. पेटी बदलता येत नाही, तेव्हा ॲपचा सूर तिच्याकडे सरकवा.

ट्रॅकवरची लाल बटणं दाबून सगळे ट्रॅक आर्म करा, मग कंट्रोल आणि आर. पहिला टेक अभंगाचा नको. तीस मिनिटं नुसतीच खोली रेकॉर्ड करा, वायफाय बंद, चार्जर काढून. ती फाइल हेडफोन लावून आवाज मोठा करून मधूनमधून ऐका. टकटक, घूं, फ्रिजचा कॉम्प्रेसर, खालच्या गल्लीतली रिक्षा, जे काही आहे ते इथेच सापडतं. यात बफर २५६ करावा लागला तरी हरकत नाही.

रेकॉर्डिंग संपलं की मिक्सला हात लावण्याआधी अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आणि एक प्रत घराबाहेर, क्लाउडवर किंवा एखाद्या साथीदाराच्या लॅपटॉपवर ठेवा. ऐकायला पाठवायची एमपीथ्री व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पॉडकास्टसाठी अंतिम आवाज उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास ठेवतात. रीपर अंतिम फाइल काढतानाच (रेंडर) हा आकडा मोजून आवाज त्यावर आणून देतं. आणि अर्धा अल्बम झालेला असताना ड्रायव्हर, रीपर किंवा विंडोज, काहीही अपडेट करू नका. शेवटचं मिक्स पोचतं झालं की मग एखाद्या रविवारी करा.